सांगणाऱ्याचा धर्म

अकोल्याच्या जुन्या शहरात मला खोली मिळाली ती खरं बोलल्यामुळे. तीन वर्षांनी त्याच खोलीच्या दारात मी खोटं बोलताना पकडला गेलो. दोन्ही वेळा समोर माणूस एकच होता, आमचे गुरुजी.

अठ्ठावन्न साली मी ज्या सरकारी शाळेत मास्तर म्हणून लागलो, तिथे ते गणित शिकवत. मूळचे नांदगाव खंडेश्वरचे, घरची काळ्या मातीची शेती भावाकडे. उंच, वाळलेले, कपाळावर भस्माचे तीन पट्टे. महादेवाचे असे भक्त की सोमवारी त्यांच्या पोटात पाण्याखेरीज काही जात नसे आणि त्या दिवशी नापास होणाऱ्या पोरांची संख्याही वाढत असे. त्यांचं म्हणणं एकच. "महादेवाले मी दोन गोष्टी वाहतो, भाऊ. बेल अन् खरं. बेल कधी कधी भेटत नाही."

खरं मात्र त्यांच्याकडे बाराही महिने असे, आणि त्याचा त्रास सगळ्या शाळेला होई. प्रगतिपुस्तकात 'वर्तणूक' या रकान्यात बाकीचे शिक्षक 'चांगली' लिहून मोकळे होत. गुरुजी लिहीत, 'मी वर्गात असताना चांगली.' घरातून निघताना सगळं जग 'येतो' म्हणतं. गुरुजी 'जातो' म्हणत. काकूंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, ते अपशकुनी वाटे. मग बऱ्याच वर्षांच्या भांडणानंतर दोघांत तडजोड झाली होती. गुरुजी चप्पल घालत आणि म्हणत, "जातो. जमलं तं येईन." काकू आतून म्हणत, "जमवा."

एकदा त्यांनी रजेचा अर्ज दिला. 'उद्या शाळेत यावेसे वाटत नाही, सबब एक दिवसाची रजा मिळावी.' हेडमास्तर पुण्याकडून आलेले गृहस्थ, बोलणं तुपातलं. त्यांनी बोलावून घेतलं.

"अहो, पोट दुखतं म्हणून लिहा ना. सगळे तेच लिहितात."

"सगळ्यायचं दुखत असन. माह्यं दुखत नाही."

"मग निदान 'घरगुती अडचण' लिहा."

"घरी काहीच अडचन नाही. अडचन शाळेत हाय."

रजा मंजूर झाली. मला वाटतं, ती नाकारण्यापेक्षा देणं सोपं होतं.

शाळेच्या समितीवरचे एक कापसाचे व्यापारी वारले तेव्हाची गोष्ट तर अजून आठवते. शोकसभेत एकेक जण उठून त्या गृहस्थांना दानशूर, प्रेमळ, अजातशत्रू म्हणत होता. खाली बसलेले लोक मान डोलावत होते आणि एकमेकांकडे पाहत नव्हते. गुरुजींची पाळी आली. ते म्हणाले, "हे मानूस मले आवडत नव्हतं. तोंडानं लय खराब. पर शाळेच्या खिडक्यायले गज त्यायनंच बसोले, हेबी खरं. मरन वाईट. उठा, दोन मिनिटं उभे राहू." हेडमास्तरांचा चेहरा डोक्यावरच्या पांढऱ्या टोपीच्या रंगाचा झाला. दुसऱ्या दिवशी त्या व्यापाऱ्यांचा मुलगा शाळेत आला. आता गुरुजींचं काही खरं नाही असं आम्हाला वाटलं. त्याने गुरुजींचे हात धरले आणि म्हणाला, "काल एवढे लोक बोलले. माझे वडील फक्त तुम्हालाच माहीत होते."

देवळात तर आणखी निराळं. आरतीतल्या ज्या ओळीचा अर्थ त्यांना लागत नसे ती ते म्हणत नसत. त्यामुळे सगळे गात असताना गुरुजी मध्येच गप्प होत आणि पुढच्या ओळीला मोठ्याने सुरू होत. शेजारी उभं असलेलं माणूस दचके. "समजल्याबिगर म्हनलं तं देवाले वाटन का मी कबूल हाय," हे त्यांचं कारण.

आता खोलीची गोष्ट सांगतो. माझं गावही नांदगावच्याच तालुक्यातलं. नोकरी लागल्यावर मी आईला घेऊन अकोल्याला आलो. वडील लहानपणीच गेले होते. जुन्या शहरात आम्ही आठ घरं पाहिली. घरवाले आधी नाव विचारत, मग गाव, मग गावात घर कोणत्या बाजूला ते विचारत, आणि तेवढं ऐकलं की खोली कालच कोणाला तरी दिलेली निघे. हे मी शाळेत कोणाला तरी सांगत होतो ते गुरुजींनी ऐकलं. "माह्या घरामागं खोली हाय," ते म्हणाले. "संध्याकाळी येजा."

आम्ही मायलेक गेलो. गुरुजी ओसरीवर बसले होते. त्यांनी आडवळण घेतलं नाही.

"कोन लोकं तुमी?"

"बौद्ध."

"अगोदर?"

"अगोदरचं छप्पन्न साली सोडलं."

गुरुजींनी जरा विचार केला. "तुमी सोडलं तं मी कायले उचलू? खोली देतो. पर आता माह्यं खरं आयका. तुमच्या घरचं पानी माह्या घशाखाली उतरन असं मले वाटत नाही. हे चांगलं नाही, हे मले समजते. पर मनात हाय ते हाय. गोड बोलून लपवनार नाही."

ज्यांनी खोली नाकारली त्यांनी निदान तोंडावर असं सांगितलं नव्हतं. मी उठायला लागलो, तेवढ्यात मागून आई बोलली.

"मी कधी म्हनलं का, का मी तुमाले पानी देनार हाय म्हून?"

गुरुजींनी खिशातून कुलपाची किल्ली काढली. म्हणाले, "हे बरोबर हाय," आणि किल्ली पुढे केली.

घराच्या आडावर पाणी भरायला त्यांनी आम्हाला कधी अडवलं नाही. शेजारच्या एकाने कुरकुर केली तेव्हा गुरुजी त्याला म्हणाले, "कायदा हाय. अन् कायदा बरोबर हाय. माह्यं मन चुकते म्हून कायद्यानं काहून चुकावं?"

पुढची तीन वर्षं आई आणि गुरुजी यांचं रोज संध्याकाळी भांडण चाले. आई मागच्या अंगणात ज्वारी पाखडत बसे, गुरुजी मागच्या ओसरीच्या कडेला. मधे दहा हात अंतर.

"महादेव दिसला का तुमाले, गुर्जी?"

"नाही. खोटं काहून सांगू?"

"मंग?"

"तुमाले निर्वान दिसलं का?"

"दिसलं असतं तं तुमच्या घरात भाड्यानं राह्यली असती का?"

आतून काकू हसत, आणि त्यांची तेरा-चौदा वर्षांची मुलगी अभ्यास सोडून दारात येऊन बसे. आई शाळेची पायरी चढली नव्हती, पण गुरुजी मला एकदा म्हणाले, "भाऊ, गनितात मले कोनी हरोत नाही. तुमच्या मायले गनित येत नाही हे माह्यं नशीब."

मग जनगणना आली. आम्हा मास्तरांना घरोघर जाऊन माणसं लिहायचं काम लागलं. आमचे हेडमास्तर आमच्यावर पर्यवेक्षक. मला स्टेशनाकडचा भाग मिळाला, गुरुजींना त्यांचीच गल्ली. प्रत्येक माणसाची एक चिठ्ठी. नाव, वय, धर्म, भाषा, धंदा. कामाला लागण्याआधी हेडमास्तरांनी सूचनांचं पुस्तक वाटलं, सगळ्यांना बसवून समजावून सांगितलं आणि शेवटी आवाज उतरवून म्हणाले, "आणि हे पाहा, काही मंडळी आता स्वतःला बौद्ध म्हणवतात. तसं लिहिलं तर त्यांच्याच सवलती जातील बिचाऱ्यांच्या. तेव्हा आपण आपलं हिंदूच लिहावं. त्यांचंही भलं, आपलंही." बोलताना त्यांनी माझ्याकडे बघून स्मित केलं, जणू माझ्यावर उपकार चालला होता. मी वहीत बघत राहिलो.

गुरुजींनी हात वर केला. "हे पुस्तकात कोन्या पानावर हाय?"

"हे पुस्तकात नसतं हो. समजून घ्यायचं असतं."

"मंग मले समजलं नाही," गुरुजी म्हणाले आणि खाली बसले.

मी दिवसाला वीस-पंचवीस घरं करत होतो. गुरुजींची चार होत. कारण त्यांनी गल्लीत फर्मान काढलं होतं, ज्याचं त्यानं सांगायचं. नवरा बायकोचं सांगायला लागला की गुरुजी त्याला थांबवत. "तिले बोलवा. तिले तोंड हाय." एका म्हाताऱ्याला याचा फार राग आला. "चाळीस वर्सं झाले, हिनं माह्या शब्दाबाहेर पाऊल टाकलं नाही!" म्हातारीला बाहेर बोलावलं तर तिने वय विचारताच नवऱ्यापेक्षा दोन वर्षं जास्त सांगितलं. चाळीस वर्षं दडवून ठेवलेली गोष्ट. म्हातारा तिथेच खाटेवर बसला.

गल्लीत एक शिंपी होता. त्याने सांगितलं, "माझा धर्म कोणताच नाही. लिहा." त्याची बायको धावत बाहेर आली. "लिवा हो हिंदू! यायले काय कळते? मशीन चालोता चालोता डोस्कं फिरलं." गुरुजींनी शांतपणे दोन चिठ्ठ्या काढल्या. शिंप्याच्या चिठ्ठीवर लिहिलं 'कोणताच नाही', बायकोच्या चिठ्ठीवर 'हिंदू'. "आता भांडा," ते म्हणाले. "पर कागदावर नाही."

असं करत ते एका संध्याकाळी आमच्या दारात आले. मागच्या ओसरीवरून आमच्या खोलीपर्यंत दहा हात, पण ते पुढून रस्त्याने वळसा घालून आले, कडी वाजवली आणि विचारलं, "ह्या घरात कोन राह्यते?"

आई म्हणाली, "तुमाले मालूम नाही?"

"मले मालूम हाय. सरकारले नाही."

आईची चिठ्ठी आधी. नाव झालं. वयाला आईने सांगितलं, "मानमोडीच्या तापात झाली म्हनते." गुरुजींनी अठरा सालच्या त्या साथीपासून बोटांवर हिशेब करून लिहिलं.

"धर्म?"

"बौद्ध."

पेन हलेना. गुरुजींनी चष्मा वर केला. "बाई, मागच्या साली भाऊले टायफाइड झाला तवा तुमी मरीमायले निवद दाखोला. नदीकडच्या झाडाखाली. मी डोयानं पायला."

मला हे ठाऊक नव्हतं. मी आईकडे पाहिलं. तिचा चेहरा आधी पडला आणि मग ताठ झाला.

"दाखोला," ती म्हणाली. "एक्कीस दिवस पोरगं तापात पडेल व्हतं. त्या दिवशी मी भेली. तुमी भेलेल्या मानसाचा धर्म लिवून राह्यले का सांगनाराचा?"

गुरुजींनी धर्माचा रकाना कोराच ठेवून चिठ्ठी पिशवीत घातली आणि ते निघून गेले. 'जातो' सुद्धा म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी पाहिलं, ते शाळेच्या पायरीवर बसून सूचनांचं पुस्तक वाचत होते. ओळीखाली बोट ठेवून, पोरं वाचतात तसे. संध्याकाळी पुन्हा कडी वाजली.

"सांगनाराचा," ते उभ्यानेच आईला म्हणाले. "पुस्तकात साफ लिवलं हाय. जे मानूस जे सांगन ते. तपासाचं नाही. अन् बाई, रातभर मीबी इचार केला. मी भेलो तं मीबी कोनाकोनाले हात जोडतो. मांजर आडवं गेलं तं थांबतो. तेवढ्यानं कोनी माह्या चिठ्ठीवर 'मांजर' लिवलं तं मले चालन का?" त्यांनी चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहिलं आणि कागद आईसमोर धरला. "हे पाहा. हा 'बौ'. अन् हा 'द्ध'." आईने अक्षरांना बोट लावलं नाही, शाई ओली होती. नुसतं वाकून पाहिलं आणि पुन्हा सुपातली ज्वारी पाखडायला घेतली.

मग त्यांनी माझी चिठ्ठी काढली. नाव, वय, शिक्षण सगळं त्यांना पाठ होतं, तरी विचारलं. आणि मग, "धर्म?"

मी म्हणालो, "हिंदू."

आईचं सूप थांबलं.

यात एक गोष्ट होती, जी मी कोणालाच सांगितली नव्हती. नोकरीचा अर्ज करताना मी छप्पन्नच्या आधीचा जातीचा दाखला जोडला होता. राखीव जागा होती, बौद्धांना ती मिळत नसे. सर्व्हिस बुकात धर्म हिंदू पडला होता. बाहेर मी बौद्ध होतो, कार्यालयाच्या कपाटात हिंदू. आता हेडमास्तर चिठ्ठ्या तपासणार, आणि सर्व्हिस बुकही त्यांच्याच कपाटात. दोन्ही शेजारी ठेवले की संपलं.

"काय म्हनलं?" गुरुजींनी विचारलं.

"हिंदू."

"ओसरीवर पयल्या दिवशी तं तुमी..."

"सांगणाऱ्याचा लिहायचा ना, गुरुजी? तपासायचं नाही ना?"

मी त्यांचंच पुस्तक त्यांच्यावर उगारलं होतं. गुरुजींनी पेन टेकवलं, उचललं, पुन्हा टेकवलं. मग टोपण लावलं.

"आज माहा पेन चालून नाही राह्यला," ते म्हणाले. "परवा लिवीन."

पेन चांगलं चालत होतं. नुकतंच त्यांनी त्याने आईचं लिहिलं होतं. गुरुजींच्या तोंडून मी ऐकलेलं हे एकमेव खोटं.

दोन दिवस आई माझ्याशी बोलली नाही. ताट वाढायची आणि भिंतीकडे तोंड करून बसायची. मी तिला सगळं सांगितलं, दाखला, सर्व्हिस बुक, नोकरी. ती ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "नोकरी गेली तं मी लोकायच्या वावरात निंदाले जाईन. जात होतीच. पर त्या मानसाच्या हातानं लबाडी लिववू नको. त्याले सवय नाही."

तिसऱ्या संध्याकाळी कडी वाजली. गुरुजी आत आले, पिशवी खाली ठेवली, आणि वर्गात गुन्हा कबूल करणाऱ्या पोरासारखे हात बांधून उभे राहिले.

"अगोदर माह्यं सांगतो. परवा पेन चालत होता. मी खोटं बोललो. आता तुमचं सांगा."

मी सांगितलं, "बौद्ध." आवाज इतका बारीक निघाला की त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं, या वेळी शेजारच्या घरापर्यंत गेला असावा. त्यांनी लिहिलं. मग मी सर्व्हिस बुकाची गोष्ट सांगून टाकली.

"हे चिठ्ठ्या गुप्त राह्यते," गुरुजी म्हणाले. "दुसऱ्या कोन्याच कामाले त्या वापरता येत नाही. कायदा हाय. पुस्तकात हाय."

"मग हे परवा का नाही सांगितलंत?"

"परवा तुमी धर्म सांगतला. भेव कुठं सांगतलं?"

आईने चुलीवरचं भांडं उतरवलं आणि तीन वर्षांत प्रथमच विचारलं, "चा घेता का? खरं सांगा."

गुरुजींनी डोळे मिटले. "मन म्हनते नको."

"अन् तोंड?"

"तोंड म्हनते घे."

"मंग?"

"द्या. मनाले लागन वेळ."

चहा त्यांनी औषधासारखा घेतला. पहिला घोट, मग थांबून स्वतःच्या घशाकडे लक्ष, मग दुसरा. शेवटी कप खाली ठेवून म्हणाले, "साखर कमी हाय." आईला हे इतकं आवडलं की तिने आणखी अर्धा कप ओतला.

हेडमास्तरांनी आठवड्याने आम्हा दोघांना बोलावलं. टेबलावर एका बाजूला माझी चिठ्ठी, दुसऱ्या बाजूला सर्व्हिस बुक.

"यातलं एक खोटं आहे," ते गोड आवाजात म्हणाले. "मला वाटतं, चिठ्ठी चुकली असावी. गुरुजी, खोडून नीट करा. यांच्या आईचीही. आणि आश्चर्य वाटतं तुमचं. एवढे शिवभक्त तुम्ही, आणि आपलीच माणसं कमी करता?"

"महादेवाले डोसकी मोजून काय करा लागते?" गुरुजी म्हणाले. "त्याले काय निवडनुकीत उभं राह्याचं हाय? खोटं लिवून वाढोलेला धर्म मले नाही पायजे, साहेब. माह्या धर्माची इज्जत जाते."

"मग मला या मास्तरांबद्दल वर कळवावं लागेल."

गुरुजींनी पिशवीतून पुस्तक काढलं, खूण घातलेलं पान उघडलं आणि टेबलावर ठेवलं. "कळवा. पर ह्या चिठ्ठीवरून कळवलं तं गुन्हा तुमचा. तिसऱ्या ओळीपासून वाचा. मोठ्यानं वाचा, भाऊलेबी आयकू द्या."

हेडमास्तरांनी मनातल्या मनात वाचलं. मग चिठ्ठी गठ्ठ्यात परत ठेवली आणि सर्व्हिस बुक कपाटात. आम्ही बाहेर आलो. मला वाटलं, सुटलो. गुरुजी व्हरांड्यात थांबले. "चिठ्ठी खरी झाली. आता त्या बुकाचं काय करता ते तुमचं तुमी पाहा. मी काही सांगनार नाही." आणि खरोखर त्यांनी पुढे कधी तो विषय काढला नाही. त्याचा मला जास्त त्रास झाला. महिन्याभराने मी स्वतःच अर्ज लिहिला की माझी नोंद दुरुस्त करावी. तो अर्ज दोन वर्षं फिरला. नोकरी राहिली, पण राखीव यादीतून नाव निघालं आणि बढतीला सहा वर्षं उशीर झाला. बढतीचा कागद आला तेव्हा आईने तो उलटसुलट पाहिला आणि 'बौ' कुठे आहे ते विचारलं. तो त्या कागदावर नव्हता, पण मी दाखवण्यापुरतं एका अक्षरावर बोट ठेवलं. गुरुजींना हे मी कधी कळवलं नाही.

गुरुजींना मात्र चिठ्ठ्यांची किंमत लगेच मोजावी लागली. उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी शाळा सुटायच्या सुमारास त्यांच्या बदलीचा हुकूम आला, अमरावतीला. हुकुमात लिहिलं होतं, 'स्वतःच्या विनंतीवरून.' गुरुजींनी बदलीबद्दल चकार शब्द काढला नाही. ते चिडले ते विनंतीवर. "मी विनंती केली नाही. हे खोटं घेऊन मी अमरावतीले जानार नाही." त्यांनी वर पत्र लिहिलं. तीन आठवड्यांनी सुधारलेला हुकूम आला, 'प्रशासकीय सोयीसाठी.' गुरुजींनी पुन्हा लिहिलं, 'सोय कोणाची, हे कळावे.' या वेळी काकूंनी पत्र टाकायला नेलं आणि टाकलं नाही. सामान बांधून झालं होतं. हे गुरुजींना कळलं असतं तर काय झालं असतं कोण जाणे. काकूंना खरं लपवता येत होतं म्हणून त्या घराचा संसार झाला, असं माझं मत आहे.

त्यानंतर आमची भेट पत्रांतूनच. त्यांची पत्रं दोन ओळींची असत. 'प्रकृती बरी नाही. काळजी करू नये असे लिहावेसे वाटते, पण थोडी करावी.'

सदुसष्ट साली एक पत्र आलं. 'मुलीचे लग्न रजिस्टर पद्धतीने आहे. मला पसंत नाही. साक्षीला या.'

मी अमरावतीला गेलो. मुलगी आता एका कन्याशाळेत शिकवत होती. तिथल्याच ओळखीतला, दुसऱ्या जातीतला एक तरुण तिने निवडला होता. होम नको, मंगलाष्टकं नकोत, देवाब्राह्मणांसमोर काही नको, आपला त्यावर विश्वास नाही, असं तिने बापाला तोंडावर सांगितलं होतं. काकू चार दिवस रडत होत्या. गुरुजी खूप वाळले होते. भस्माचे पट्टे मात्र ठळक.

"तिचं मले पटत नाही," कचेरीकडे जाताना ते मला म्हणाले. "रातभर झोप नाही. जातीचंबी मनातून जात नाही, अन् होमाबिगरचं लगन तं मले लगनच वाटत नाही. हे सगळं तिले सांगतलं. पोरगी म्हने, बाबा, तुमचं खरं तुमी सांगतलं, आता माह्यं आयका. मंग आयकलं. दुसऱ्याच्या पोरीले म्हनलं, ज्याचं त्यानं सांगावं. घरच्या पोरीले कसं म्हनू, तू नको सांगू?"

कचेरीत अधिकारी मोठे हौशी होते. मुलीचे वडील साक्षीदार म्हणून आलेले पाहून त्यांना भरून आलं. "वा! तुमची या लग्नाला संमती आहे, हे पाहून आनंद वाटला."

"संमती नाही," गुरुजी म्हणाले.

अधिकाऱ्यांचं पेन थबकलं. नवरदेवाच्या कपाळावर घाम आला. मुलगी मात्र हसू दाबत होती.

"मग हरकत आहे का?"

"हरकतबी नाही. पोरगी सज्ञान हाय. माही संमती कायद्यात लागत नाही, मंग मी कायले देऊ? मी साक्षीले आलो. ते सोताच्या मर्जीनं करून राह्यली, हे मी पायलं. तेवढं लिवा, सही करतो."

"पण तुम्ही खूश नाही?"

"नाही."

"मग आलात कशाला?"

गुरुजींनी सही केली, शाई वाळेपर्यंत कागदावर फुंकर घातली. "ते खोटं बोलून पळून गेली असती तं आलो नसतो," ते म्हणाले. "तोंडावर सांगतलं. अशी पोट्टी मले अजून कुठं भेटन?"

मुलीने तिथेच, अधिकाऱ्यांच्या टेबलासमोर, वाकून त्यांच्या पायांना हात लावला. असल्या गोष्टींवर तिचा विश्वास नव्हता. गुरुजींनी तिला त्याची आठवण करून दिली नाही. एवढी गोष्ट न बोलता त्यांनी सोडलेली मी पहिल्यांदा पाहिली.

बाहेर आल्यावर नवरा-नवरी आणि मित्रमंडळी चहा प्यायला गेली. गुरुजी म्हणाले, "भाऊ, मले जरा देवळात जा लागते." जवळच महादेवाचं लहानसं देऊळ होतं. मी बाहेर कठड्यावर बसलो. ते आत बराच वेळ होते. मधूनमधून त्यांचा आवाज ऐकू येई, स्तोत्राचा नव्हे, साध्या बोलण्याचा, कोणाला तरी काही समजावून सांगावं तसा. एकदा तो कापला. मग घंटा वाजली आणि ते बाहेर आले. डोळे लाल होते, पण चेहरा त्या दिवशी प्रथमच मोकळा दिसत होता.

"काय सांगितलंत देवाला?" मी विचारलं.

"जे झालं ते. म्हनलं, पोरीनं लगन केलं. तुले इचारलं नाही, मले पटलं नाही, अन् मी सही करून आलो."

"मग? काय म्हणाला?"

गुरुजींनी चपला घातल्या, एकदा वळून गाभाऱ्याकडे पाहिलं.

"तो काय म्हनन बाप्पा? त्याच्या लगनाच्या वक्ती त्याच्या सासऱ्यालेबी पटलं नव्हतं."